परक्यांचें दान आणि आपला अभिमान

'कंपॅशन इंटरनॅशनल' या अमेरिकन ख्रिस्ती संस्थेनें २०१७ सालच्या मार्चमध्यें भारतांतील आपलें काम बंद केलें, तेव्हां 'बरें झालें, पीडा टळली' असे उद्गार आमच्या पुष्कळ सुशिक्षित बांधवांनीं काढले. ते अजूनहि ऐकूं येतात. धर्मांतरासाठीं पैसा येतो या संशयावरून सरकारनें तिच्या देणग्यांवर पूर्वपरवानगीचें बंधन घातलें होतें. संस्थेनें आरोप नाकारला. त्या वादाचा निवाडा आम्ही येथें करीत नाहीं. आमचा प्रश्न निराळा आहे. संस्थेच्या आश्रयास दीड लाखाच्या घरांत मुलें होतीं. त्यांचें पुढें काय झालें, हें या आनंदित मंडळींपैकीं किती जणांनीं विचारलें?

योजना साधी आहे. परदेशांतील एखादें कुटुंब छायाचित्र पाहून एका मुलाचें पालकत्व पत्करतें व दरमहा ठराविक रक्कम पाठवितें. अमेरिकेंत ती त्या सुमारास ३८ डॉलर होती. स्थानिक चर्चच्या केंद्रांत त्या मुलास शिकवणी, खाणें, औषधपाणी मिळतें, आणि बायबलचा पाठहि मिळतो. तो कोठें लपविलेला नाहीं. संस्था तें उघड सांगते. आम्हांस खटकते ती दुसरीच गोष्ट. आठ वर्षांच्या पोरानें साता समुद्रांपलीकडील अनोळखी दात्यास पत्रें लिहावीं आणि आपली कृतज्ञता सुवाच्य अक्षरांत गिरवावी! आपल्या घरच्या मुलाकडून शाळेच्या फीबद्दल असें आभारपत्र आपण कधीं लिहवून घेतों काय?

पण पद्धतींत दोष आहे म्हणून तिचा उपयोगच नाहीं, असें होत नाहीं. ब्रूस वायडिक व त्यांचे दोन अर्थशास्त्रज्ञ सहकारी यांनीं भारतासह सहा देशांत या योजनेची पाहणी करून २०१३ सालीं ती प्रसिद्ध केली. योजनेंतील मुलांचें शालेय शिक्षण सरासरी एक ते दीड वर्षानें वाढलें, असें त्यांस आढळलें. ज्यांच्या भिंतींवर पदव्या चौकटींत टांगलेल्या आहेत त्यांस हें क्षुल्लक वाटेल. गवंड्याच्या हाताखालीं जाऊं घातलेल्या मुलास तसें वाटणार नाहीं.

महाराष्ट्रास हा वाद नवा नव्हे. पंडिता रमाबाईंचें शारदासदन १८८९ मध्यें मुंबईस निघालें तें मुख्यतः बॉस्टनच्या रमाबाई असोसिएशनच्या पैशावर. पुढें तें पुण्यास आलें. मुली ख्रिस्ती होतात अशी १८९३ मध्यें ओरड झाली, रानडे-भांडारकरांनीं सल्लागारपद सोडलें, पालकांनीं मुली काढून नेल्या. त्याच सदनांत शिकलेल्या एका विधवेशीं धोंडो केशव कर्व्यांनीं त्याच वर्षीं विवाह केला. १८९६ मध्यें त्यांनीं अनाथ बालिकाश्रमाची मंडळी स्थापिली, दारोदार वर्गणी मागितली, आणि १९०० सालीं हिंगण्याच्या माळावर झोपडी उभारली. मिशनऱ्यांना उत्तर द्यावयाचें तें असें दिलें जातें. ओरड करणाऱ्यांपैकीं बाकीच्यांनीं काय उभारलें, हें आम्हांस कोणी सांगेल काय?

आजच्या अभिमानी गृहस्थांस आमचें एवढेंच म्हणणें आहे कीं, परक्याचा हात दूर सारलात, आतां आपला पुढें करा. मुलीच्या लग्नांतील एका पंगतीच्या खर्चांत एका मुलाचें वर्ष निघेल. त्याचें छायाचित्र मागूं नका, पत्र मागूं नका, आणि तो कोणत्या देवास हात जोडतो हेंहि विचारूं नका. मूल कोठें सांपडेल, अशी अडचण मात्र सांगूं नये. जवळच्या नगरपालिकेच्या शाळेंत जा. हेडमास्तर तुम्हांस उद्यां सकाळीं दहा नांवें लिहून देतील.