बिल्डिंगची मागची बाजू

बदलापूरला राहतो म्हटलं की समोरचा हमखास दोन प्रश्न विचारतो. "रोज अप-डाउन करतोस?" आणि "पावसात तुमच्याकडे पाणी भरतं ना?" पक्ष्यांबद्दल आजवर एकानेही विचारलेलं नाही. म्हणून आज न विचारताच सांगतो.

2020 साली इंजिनीअरिंग संपलं आणि पहिली नोकरी लागली ती थेट घरूनच. हॉलमध्ये बाबा, बेडरूममध्ये बहिणीचे ऑनलाइन लेक्चर्स, त्यामुळे माझं टेबल लागलं मागच्या खिडकीपाशी. ही आमच्या घरातली सगळ्यात दुर्लक्षित खिडकी. पाहुणे आले की आम्ही पुढच्या बाल्कनीतून चंदेरीचा सुळका दाखवतो. मागच्या खिडकीतून दिसायचा तो बिल्डिंग आणि कंपाउंडची भिंत यांच्यामधला उरलासुरला तुकडा. दोन शिंदीची झाडं, एक बाभूळ, भिंतीतून फुटलेला पिंपळ, घाणेरीची झुडपं आणि बिल्डरने टाकून दिलेल्या फुटक्या लाद्या. पलीकडे ओढा, ज्याला आता सगळे नाला म्हणतात. ब्रोशरमध्ये या जागी हिरवळ आणि झोपाळा होता. असो.

कॉलवर म्यूट असताना माणूस करणार काय? बाहेर बघायचो. सप्टेंबरात एक दिवस त्या लाद्यांच्या ढिगावर एक पक्षी दिसला. पाठ करडी, पोट पिवळसर आणि शेपूट सारखी वर-खाली. मग तो रोजच दिसायला लागला. एप्रिलमध्ये गायब झाला तेव्हा मला वाटलं, मांजराने खाल्ला. पुढच्या सप्टेंबरात तसाच पक्षी, त्याच ढिगावर हजर! मग शोधाशोध केली. नाव करडा धोबी. उन्हाळा काढायचा हिमालयात किंवा त्याच्याही उत्तरेला, आणि हिवाळा आमच्या बिल्डिंगच्या मागे. पायात कडं घालून केलेल्या अभ्यासांत दिसलंय की असे अनेक पक्षी वर्षानुवर्षं हिवाळ्यात त्याच ठरावीक जागी परततात. म्हणजे हा 'एक धोबी' नव्हता, बहुधा 'आमचा धोबी' होता.

सवयीप्रमाणे मी एक्सेल शीट उघडली. तारीख, नाव, शेरा. आता त्या शीटमध्ये अख्खं वर्ष मावतं. मार्चपासून पहाटे कोकीळ ओरडायला लागतो, आणि मे महिन्यात त्याची बायको कावळ्याच्या घरट्यावर डोळा ठेवून असते. जूनमध्ये, पावसाच्या थोडं पुढेमागे, चातक. हा थेट आफ्रिकेहून समुद्र ओलांडून येतो. तो फक्त पावसाचं पाणी पितो वगैरे आपण शाळेत ऐकलेलं असतं; प्रत्यक्षात तो केसाळ सुरवंट खातो आणि अंडं सातभाईंच्या घरट्यात घालून मोकळा होतो. जुलै-ऑगस्टमध्ये शिंदीवर सुगरणींची घरटी. सप्टेंबरात धोबी. ऑक्टोबरात वायरवर ओळीने बसलेल्या भिंगऱ्या. नोव्हेंबरात थिरथिरा. आपल्याकडे उन्हाळा आणि पावसाळा असे दोनच ऋतू आहेत असं जे आपण म्हणतो ना, ते एसी ऑफिसात बसणाऱ्यांचं मत आहे.

तर मुद्दा असा. या यादीतले बहुतेक जण काय खातात ते बघा. धोबी, थिरथिरा, भिंगऱ्या, चातक, सगळे किडे-अळ्या खाणारे. सुगरण दाणे खाते खरी, पण पिल्लांना तीही किडेच भरवते. आपलं पक्षिप्रेम मात्र मूठभर तांदूळ आणि पाण्याच्या वाटीपुरतं. त्यावर येतात कोण? कबुतरं! 2025 मध्ये दादरच्या कबुतरखान्यावरून मुंबईत केवढं रान उठलं होतं, आठवत असेल. त्या सगळ्या भांडणात दोन्ही बाजूंना एक गोष्ट गृहीत होती, की पक्ष्यांसाठी काही करायचं म्हणजे दाणे टाकायचे. माझं म्हणणं असं की दाणे नकोत, थोडा पसारा ठेवा. पालापाचोळा, ओली माती, चार रानटी झुडपं. किडे तिथे, आणि किडे तिथे पाहुणे.

हे फक्त माझ्या खिडकीतलं नाही. 2023 मध्ये भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीवर मोठा अहवाल आला, 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स'. सुमारे 30 हजार पक्षीनिरीक्षकांनी केलेल्या 3 कोटी नोंदींवरून 942 जातींचा हिशोब मांडलाय. त्यातल्या 178 जातींकडे तातडीने लक्ष द्यायला हवं असं अहवाल म्हणतो. किडे खाणारे आणि लांबून येणारे पक्षी जास्त घटलेत. वाढलं कोण? कबुतर, कोकीळ, मोर. म्हणजे आपल्याशी जमवून घेणारे वाढले आणि ज्यांना त्यांची जागा जशी होती तशी लागते ते कमी झाले.

पक्ष्यांना जागा देखणी लागते असंही नाही. ऑफिसला जायचं असतं त्या दिवशी लोकलच्या दारातून उल्हासनगर-विठ्ठलवाडीच्या आसपास वालधुनीच्या काळ्या पाण्यात लांब पायांचे शेकाटे उभे दिसतात. हीच वालधुनी वर अंबरनाथला 1060 सालच्या शिवमंदिराला लागून वाहते. आता कोणी म्हणेल, मग नदीही तशीच राहू द्या. नाही. रसायनांची घाण वेगळी आणि पालापाचोळा वेगळा. आपण नेमकं उलटं करतो. पहिली खपवून घेतो आणि दुसरा झाडून, जाळून टाकतो.

आणि आता माझी चूक सांगतो. गेल्या वर्षी मे महिन्यात आमच्या मागच्या जागेच्या अर्ध्या भागात पेव्हर ब्लॉक बसले. लाद्यांचा ढीग गेला. एक शिंदी गेली. शहरात झाड तोडायला 1975 च्या कायद्याप्रमाणे परवानगी लागते हे मला माहीत होतं. पण सभेत हा विषय आला तेव्हा मी शांत बसलो. कॉलवर कॅमेरा बंद करून बसतो ना, अगदी तसा. "पक्षी येतात हो तिथे" असं पन्नास लोकांसमोर बोलायची लाज वाटली. सप्टेंबरात धोबी आला, दोन दिवस त्या लाल-करड्या ब्लॉकवर इकडून तिकडे फिरला, आणि मग हिवाळाभर दिसला नाही. यंदा उरलेल्या शिंदीवर सुगरणींची दोनच घरटी झाली. आणि हो, त्या पेव्हर ब्लॉकवर माझी स्वतःची बाईक उभी असते.

सुगरणींवरून सलीम अली आठवतात. 1930 साली ते जर्मनीहून शिकून परत आले, तर मुंबईच्या संग्रहालयातलं त्यांचं पद पैशांअभावी रद्द झालेलं. आपल्या भाषेत ले-ऑफ. ते अलिबागजवळ किहीमला जाऊन राहिले आणि घराजवळच्या सुगरणी बघत बसले. नर घरटं अर्धं विणतो, मादी येऊन तपासते, पसंत पडलं तर संसार मांडते, आणि हा पठ्ठ्या दुसरीसाठी पुढचं घरटं विणायला घेतो. हे त्यांनी तिथे ओळखलं आणि 1931 मध्ये छापलं. त्यासाठी जंगल लागलं नाही. घराजवळ सुगरणींना सोयीची जागा शिल्लक होती, एवढंच पुरलं.

आमच्या सोसायटीची वार्षिक सभा पुढच्या रविवारी आहे. विषयपत्रिकेवर पाचवा विषय: 'मागील उर्वरित जागेचे सुशोभीकरण'. परवा लिफ्टमध्ये चेअरमन काका भेटले. मी विषय काढला तर म्हणाले, "अरे, तू आयटीवाला माणूस, तुला कशाला हवाय तो उकिरडा? साप निघतील, डास होतील." काकांची काळजी खोटी नाही. तळमजल्यावर लहान मुलं आहेत. पण डास होतात ते साचलेल्या पाण्यात, म्हणजे गच्चीवरच्या उघड्या पिंपात आणि कुंड्यांखालच्या ताटल्यांत. साप येतात उंदरांमागे, आणि उंदीर आपण खिडकीतून फेकलेल्या खरकट्यामागे. याला उपाय पेव्हर ब्लॉक नाही, काका.

म्हणून मी एवढंच मागणार आहे: भिंतीलगतची दहा फुटांची पट्टी तशीच ठेवा. प्लॅस्टिक उचलू, हवं तर मी उचलतो. शिंदी आणि बाभूळ राहू द्या. पालापाचोळा जाळू नका. पार्किंगला जागा मिळालीच आहे, ती परत मागत नाही. खर्च शून्य, उलट सोसायटीचे पैसे वाचतील. (मीटिंगमध्ये हा मुद्दा आधी मांडायचा, हे नोकरीने शिकवलंय.)

तुमच्याकडेही अशी एखादी मागची बाजू असेलच. फेब्रुवारीत चार दिवस 'ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट' असतो. 1998 मध्ये अमेरिका-कॅनडात सुरू झाला, 2013 पासून भारतातही होतो. 15 मिनिटं खिडकीत बसायचं आणि दिसले ते पक्षी मोजून नोंदवायचे. एकदा करून बघा. नाव माहीत झालेल्या पक्ष्याची जागा बुजवताना हात थोडा अडखळतो, एवढं नक्की.

सोसायट्यांना वार्षिक सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, आणि धोबीही साधारण याच दिवसांत येतो. माझ्या शीटमधली त्याची यंदाची ओळ अजून रिकामी आहे. रविवारी पाचवा विषय आला की मी हात वर करणार आहे. तुमच्या विषयपत्रिकेत 'सुशोभीकरण' हा शब्द दिसला तर तुम्हीही करा.