हेन्री, फ्रेड, फ्रँक आणि चार्ली

मित्रांनो, डोरेमॉन तुम्हाला टीव्हीवर भेटला असेल. पण तो आधी जन्मला कागदावर, एका जपानी चित्रकथेत. अशा चित्रकथांना जपानी भाषेत 'मंगा' म्हणतात. मंगा म्हटलं की मोठ्ठाले डोळे आणि वाऱ्यावर उडणारे केस आपल्याला आठवतात, हो ना? आज मी सांगणार आहे ती मंगा त्याहून बरीच जुनी आहे. ती काढणारा चित्रकार जपानी, पण गोष्ट घडते अमेरिकेत, सॅन फ्रान्सिस्को शहरात. तिच्यात राक्षस नाहीत की जादूची यंत्रं नाहीत. आहेत चार तरुण मुलं. लोकांच्या घरी भांडी घासणारी, क्षणोक्षणी फजिती होणारी आणि तरीही हसणारी!

या चित्रकाराचं नाव योशिताका कियामा. जन्म १८८५ चा, जपानच्या तोत्तोरी प्रांतातल्या नेउ या छोट्या गावचा. चित्रकलेचं वेड लहानपणापासून. त्या काळी पाश्चात्त्य पद्धतीची तैलचित्रं शिकायची म्हणजे परदेशी जायला हवं, असं अनेकांना वाटे. १९०४ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, कियामा बोटीत बसले आणि प्रशांत महासागर ओलांडून सॅन फ्रान्सिस्कोला उतरले.

आता प्रश्न आला पोटाचा. हातात पैसे थोडे, इंग्रजी अर्धंमुर्धं. मग तिथे पोचलेले बहुतेक जपानी विद्यार्थी जे करत, तेच त्यांनीही केलं. एखाद्या अमेरिकी कुटुंबात राहायचं, स्वयंपाक, केरवारा, कपडे धुणं अशी कामं करायची आणि उरलेल्या वेळात शाळा गाठायची. अगदी 'कमवा आणि शिका'! अशा मुलांना तिकडे 'स्कूलबॉय' म्हणत. मालकिणीला जपानी नाव उच्चारायला जड जाई, म्हणून एखादं सोपं इंग्रजी नाव चिकटायचं. योशिताका झाले 'हेन्री'.

हेन्री चिकाटीचे होते. सॅन फ्रान्सिस्कोच्या कलाशाळेत ते शिकले, बक्षिसं मिळवली. न्यूयॉर्कच्या आर्ट स्टुडंट्स लीग या नामवंत संस्थेची शिष्यवृत्तीही त्यांनी पटकावली. तैलरंगात माणसांची चित्रं, निसर्गचित्रं ते रंगवत. पण आज शंभर वर्षांनी त्यांची आठवण काढली जाते ती त्या तैलचित्रांमुळे नव्हे. ती काढली जाते त्यांनी शाईने रेखाटलेल्या गमतीदार चौकटींमुळे.

त्या काळी अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांत चित्रपट्ट्या फार लोकप्रिय होत्या. जॉर्ज मॅकमॅनस यांची 'ब्रिंगिंग अप फादर' ही त्यातलीच एक. कियामांची रेषा या चित्रपट्ट्यांच्या वळणाची आहे. स्वच्छ, गोलसर आणि लगेच हसू आणणारी. विषय मात्र त्यांनी स्वतःचाच निवडला: आपण आणि आपले मित्र.

त्यांची चित्रकथा सुरू होते चार मित्र बोटीतून उतरतात तिथून. हेन्रीला चित्रकार व्हायचंय. फ्रेडला शेती करायचीय. फ्रँकला व्यापारात नाव काढायचंय. आणि चार्लीला या देशातली लोकशाही समजून घ्यायचीय. चौघांचेही खिसे हलके आणि स्वप्नं भारी! एकूण ५२ प्रकरणं, प्रत्येक प्रकरण दोन पानांचं. वर्षाचे आठवडे किती, सांगा पाहू? ५२! दर आठवड्याला एक, असा हिशेब त्यामागे असावा.

आणखी एक गंमत पाहा. चौघे एकमेकांशी जपानीत बोलतात, तेव्हा संवादाच्या फुग्यात जपानी अक्षरं असतात. अमेरिकी माणूस बोलला की फुग्यात इंग्रजी. आणि या चौघांनी इंग्रजी बोलायला तोंड उघडलं की फुग्यात मोडकंतोडकं इंग्रजी! म्हणजे सगळी गंमत कळायला वाचकाला दोन्ही भाषा यायला हव्यात. ज्याने दोन भाषांच्या मध्ये उभं राहून दिवस काढलेत, त्याच्यासाठीच जणू ही चित्रकथा काढली होती.

पण मित्रांनो, हसता हसता मध्येच आपण गप्प होतो. कारण या फजितीच्या मागे खराखुरा इतिहास उभा आहे.

१८ एप्रिल १९०६ च्या पहाटे सॅन फ्रान्सिस्कोत प्रचंड भूकंप झाला. मागोमाग आगी लागल्या आणि शहराचा मोठा भाग जळून गेला. सुमारे ३,००० माणसं दगावली असं मानलं जातं. आपले चारही मित्र त्या भूकंपात सापडतात. त्याच वर्षी ऑक्टोबरात शहराच्या शिक्षण मंडळाने हुकूम काढला: जपानी मुलांनी इतर मुलांबरोबर शिकायचं नाही, त्यांची शाळा वेगळी! आणि ही मुलं होती किती? अख्ख्या शहरात फक्त ९३. जपान सरकारने जोरदार निषेध केला. शेवटी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी मध्ये पडून तो हुकूम मागे घ्यायला लावला. बदल्यात, आपल्या मजुरांना अमेरिकेला जाण्याचे परवाने देणार नाही, असं जपानने कबूल केलं.

पुढे एकेक दार बंद होत गेलं. आशियातून आलेल्या लोकांना अमेरिकेचं नागरिक होता येत नसे. १९१३ मध्ये कॅलिफोर्नियाने कायदा केला की, ज्यांना नागरिक होता येत नाही त्यांना शेतजमीन विकत घेता येणार नाही. म्हणजे फ्रेडसारख्याने घाम गाळायचा, पण जमीन कधीच त्याची व्हायची नाही. १९१७ च्या कायद्याने हिंदुस्थानातून येणाऱ्या मजुरांनाही मज्जाव झाला. पहिल्या महायुद्धात काही जपानी तरुण अमेरिकेच्या सैन्यात लढले. आता तरी हा देश आपल्याला आपलं म्हणेल, अशी त्यांना आशा होती. पण १९२२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ताकाओ ओझावा यांच्या खटल्यात निकाल दिला, की जपानी माणूस गोरा नाही, सबब तो नागरिक होऊ शकत नाही. ओझावा वीसहून अधिक वर्षं अमेरिकेत राहत होते, घरात इंग्रजी बोलत होते. तरीही उत्तर 'नाही'च.

१९२१ सालची गोष्ट तर फारच वाईट आहे. कॅलिफोर्नियात टर्लॉक नावाचं गाव आहे. तिथे एका रात्री हत्यारबंद जमावाने जपानी शेतमजुरांना झोपेतून उठवलं आणि गावाबाहेर हाकलून दिलं. कियामांनी हा प्रसंगही आपल्या चित्रकथेत घेतला आहे. ज्या हाताने केळीच्या सालीवरून घसरल्यासारखी फजिती काढायची, त्याच हाताने हेही काढायचं. सोपं नसणार, नाही का?

पण त्यांनी रडकं पुस्तक काढलं नाही. १९१५ चं भव्य जागतिक प्रदर्शन, १९१८ ची इन्फ्लुएन्झाची साथ, नुसता फोटो पाहून लग्न ठरवून जपानहून येणाऱ्या नवऱ्या, असं सगळं त्यात आहे. आणि बहुतेक वेळा हसं होतं ते या चौघांचंच! दुसऱ्याला हसणं सोपं, स्वतःला हसायला मन मोठं लागतं. अर्थात, कियामाही आपल्या काळाचेच होते. चिनी आणि काळ्या माणसांची त्यांनी काढलेली काही चित्रं आज आपल्याला खटकतात. ज्याच्यावर अन्याय होतो, त्याच्याही नजरेत कधी कधी कुसळ असतंच. पालकांनो, हे पुस्तक कधी हाती आलं, तर मुलांशी याविषयी जरूर बोला.

१९२४ साली अमेरिकेने नवा कायदा करून जपानमधून येऊन स्थायिक होणाऱ्यांना जवळजवळ पूर्ण बंदी केली. कियामांची चित्रकथाही तिथेच, १९२४ मध्ये थांबते. वीस वर्षं एकत्र काढलेल्या मित्रांच्या वाटा आता वेगळ्या होतात.

१९२७ मध्ये कियामांनी ही चित्रं सॅन फ्रान्सिस्कोतल्या किनमोन गाकुएन या जपानी शाळेत मांडली. मग ती जपानमध्ये छापून घेतली आणि १९३१ साली सॅन फ्रान्सिस्कोत स्वतःच प्रकाशित केली. नाव होतं 'मंगा योनिन शोसेई', म्हणजे 'चार विद्यार्थ्यांची चित्रकथा'. अमेरिकेत तेव्हा चित्रकथांची पुस्तकं निघत, पण ती बहुधा वर्तमानपत्रात आधी येऊन गेलेल्या पट्ट्यांची. थेट पुस्तकरूपाने आलेली, एवढी लांबलचक, खऱ्या आयुष्यावरची चित्रकथा ही त्या काळी दुर्मीळच गोष्ट होती.

पुस्तक फारसं कुणाच्या लक्षात राहिलं नाही. १९३७ मध्ये कियामा जपानला परतले. मग दुसरं महायुद्ध पेटलं. अमेरिकेला ते पुन्हा गेले नाहीत. १९५१ साली ते वारले.

गोष्ट इथेच संपली असती. पण १९८० मध्ये फ्रेडरिक शॉट नावाचा एक तरुण अमेरिकी अभ्यासक बर्कलीच्या विद्यापीठातल्या ग्रंथालयात पुस्तकं चाळत होता. त्याला जपानी उत्तम येत असे आणि मंगा तर त्याच्या आवडीचाच विषय! त्याच्या हाती हे पुस्तक लागलं. त्यातलं जुनं जपानी आणि इंग्रजी-जपानीची खिचडी उलगडायला त्याने पुष्कळ कष्ट घेतले, कियामांच्या कुटुंबाचा शोध घेतला आणि १९९० च्या दशकाच्या अखेरीस 'द फोर इमिग्रंट्स मंगा' या नावाने इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला. २०१७ मध्ये तर कॅलिफोर्नियात त्यावर एक संगीत नाटकही रंगमंचावर आलं. ज्यांना 'तुम्ही इथले नाहीत' असं सांगितलं गेलं, त्या हेन्री, फ्रेड, फ्रँक आणि चार्लीसाठी त्याच प्रांतातल्या प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या!

कायदे कोणते झाले, ते इतिहासाच्या पुस्तकात सापडतं. पण एखादा पोरगा परक्या घरात पहिल्यांदा चूल पेटवायला गेला आणि सगळ्या स्वयंपाकघरात धूर करून बसला, तर ते कोण लिहून ठेवणार? ते त्या पोरानेच काढून ठेवायला हवं.

तर मग या आठवड्याचा उद्योग. तुमच्या घरात, शेजारी किंवा वाडीत कुणीतरी नक्कीच असेल, जे पोटापाण्यासाठी किंवा शिक्षणासाठी आपलं गाव सोडून आलं. आजोबा असतील, मावशी असेल, इस्त्रीवाले काका असतील. त्यांना विचारा, 'इथे आल्यावर पहिल्या दिवशी काय झालं?' आणि ते चार चौकटींत काढा. चित्र छान यायलाच हवं असं नाही. खरं मात्र यायला हवं. आणि त्यात एक फजिती असलीच पाहिजे बरं का! चला, पेन्सिलीला टोक करा.