गिटार घेताना तंबोऱ्याची रीत

आपल्या बडोद्यातील जुन्या घरांत तंबोरा येई तो रीतीने. बुवांचा सल्ला घ्यावा, मिरजेच्या कारागिरास कळवावे, आणि वाद्य आल्यावर जवारी कानाने पारखून मगच त्यास बैठकीत जागा द्यावी, असा तो प्रघात. आज त्याच घरांतील नातवंडे गिटार मागतात, तेव्हा मात्र ती नुसते चित्र पाहून मागविली जाते; आणि चित्रांतही जी सर्वांत स्वस्त व चकचकीत, तीच. हा दुजाभाव शिकणाऱ्या मुलावर अन्याय करणारा आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

‘आधी हलकीच घेऊ, नाद टिकला तर पुढे चांगली पाहू,’ असे पालक म्हणतात. वरवर हे शहाणपणाचे वाटते. पण नाद टिकणार की नाही, हे पुष्कळदा वाद्यावरच ठरते. हलक्या गिटारीच्या तारा बहुधा पडद्यांपासून फार उंच असतात. कोवळ्या बोटांना त्या दाबवत नाहीत. जोर करून दाबल्या तर ताण वाढून स्वर चढतो. पहिले काही दिवस बोटे दुखणे कोणास चुकले नाही. परंतु येथे दुखणे सरत नाही आणि सूरही लागत नाही. मग वाद्य कोपऱ्यात जाते आणि ‘याच्या अंगी गाणे नाही’ असा निकाल घरात लागतो. दोष घोडीचा, शिक्षा मुलाला!

परीक्षा अवघड नाही. दांडीवरील बाराव्या पडद्यापाशी पाहावे: पोलादी तारांच्या गिटारीत सर्वांत जाड तार पडद्यापासून साधारण अडीच मिलिमीटर उंच असावी, चारवर गेली तर नवशिक्यास जड. मग तीच तार प्रथम मोकळी छेडावी, नंतर बाराव्या पडद्यावर दाबून छेडावी. दुसरा स्वर पहिल्याच्या बरोबर वरच्या सप्तकातला आला पाहिजे. प्रत्येक पडद्यावर तार वाजवून खरखर ऐकावी, आणि खुंट्या पिळून त्या घसरत नाहीत ना, हे पाहावे. याला पैसा लागत नाही, जाणता माणूस सोबत लागतो.

विक्रेता अखंड लाकडाच्या तबलीचे गुण गाईल. ते खरेही आहेत. पण पहिल्या वाद्यास प्लायवुडची तबली पुरते आणि पावसाळी हवाही ती अधिक सोसते. लहान मुलास नायलॉनच्या तारांची, लहान आकाराची गिटार बोटांना मऊ पडते. मात्र तिच्यावर पोलादी तारा कधीही चढवू नयेत. त्या ताणाने घोडी उखडू शकते.

राहिला प्रश्न पैशाचा. नक्षी, रंग आणि सोबतच्या फुकट वस्तू यांवरील खर्च वाचवावा, आणि त्यातून कारागिराकडून घोडीवरची पट्टी घासून तारा खाली आणवाव्यात, बारीक तारांचा संच बसवावा. जुनी पण नीट राखलेली गिटारही उत्तम. साध्या, सुरेल वाद्याला पुढे गिऱ्हाईक मिळते. बेसूर वाद्य फुकटही कोणी नेत नाही.

गिटार हे परके वाद्य, त्याची एवढी चिकित्सा कशाला, असेही कोणी म्हणेल. ब्रिजभूषण काब्रा यांनी याच वाद्यावर रागदारी वाजविली, आणि १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेत ते शिवकुमार शर्मा व हरिप्रसाद चौरसिया यांच्या बरोबरीने बसले. मात्र ते तारांवरून कांब सरकवून वाजवीत; त्या पद्धतीत उंच ताराच सोयीच्या. जी उंची तेथे गुण, तीच येथे दोष. म्हणून काय वाजवायचे, ते खरेदीपूर्वीच ठरवावे.

१८८६ साली सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने मौलाबक्षांची गायनशाळा या शहरात निघाली. संगीत ही केवळ घराण्यांची मिरास नव्हे, ते सामान्यांच्या मुलांनाही शिकविता येते, ही त्यामागील श्रद्धा. ती आपण खरोखर मानीत असू, तर मुलाच्या अंगी गाणे आहे की नाही, हे ठरविण्यापूर्वी त्याच्या हातात सुरात वाजणारे वाद्य देणे हे आपले पहिले कर्तव्य आहे.