अवघड गणितांशी अफेअर!

शुक्रवारची रात्र. ऑफिसातली अख्खी गँग एफसी रोडवर कोल्ड कॉफी पीत बसलीय. आणि तुम्ही? तुम्ही घरी लॅपटॉपसमोर, एका टाकीच्या तीन नळांशी झुंजताय. एक नळ टाकी भरतो, दुसरा रिकामी करतो, तिसरा मध्येच बंद पडतो. जीमॅट चौदा दिवसांवर आलीय. प्रश्नावर ‘हार्ड’ असा शिक्का आहे. वीस मिनिटांनी उत्तर येतं आणि तुम्ही स्वतःचीच पाठ थोपटता. क्या बात है, बॉस!

थांबा. टाळ्या नंतर.

ही गोष्ट माझीच आहे, मंडळी. पहिल्या अटेम्प्टच्या आधीचे दोन आठवडे मी अस्सेच काढले. अप्पा बळवंत चौकात एक जुनं, जाडजूड पुस्तक स्वस्तात मिळालं होतं. त्यातले फक्त अवघड प्रश्न मी सोडवायचो. सोपे? छे, ते तर दहावीचं गणित! कंपनीच्या बसमध्ये शेजारच्याने वहीत डोकावलं, तर पानावर काहीतरी भारी दिसायला नको? वर्तुळात त्रिकोण, त्रिकोणात चौकोन... रात्रीचे दोन वाजायचे. नंतर कळलं की नोव्हेंबर २०२३ पासून जीमॅटचं रूप बदललंय आणि क्वांटमधून भूमितीच गायब आहे. डेटा सफिशियन्सीनेही तिथून बाडबिस्तरा हलवून ‘डेटा इनसाइट्स’ या वेगळ्या सेक्शनमध्ये मुक्काम ठोकलाय. म्हणजे मी जिच्यासाठी रात्री जागवत होतो, ती पार्टीला येणारच नव्हती!

क्वांटचा स्कोअर ६० ते ९० मध्ये मोजतात. मला मिळाले ७४. वीस हजारांच्या वर फी गेली, दोन दिवसांची रजा गेली. सगळ्यात वाईट म्हणजे, ‘या वर्षी मी चाललो’ असं अख्ख्या टीमला सांगून बसलो होतो. सोमवारी कॉफी मशीनपाशी जायचीही लाज वाटत होती.

मग एका रविवारी जुन्या मॉक टेस्ट काढल्या आणि चुका पहिल्यांदाच नीट पाहिल्या. म्हटलं, अवघड प्रश्नांनीच घात केला असणार. कसलं काय! एका प्रश्नात गाडी जाताना ताशी ६० किलोमीटरने जाते, येताना त्याच रस्त्याने ताशी ४० ने. सरासरी वेग किती? मी ठोकून दिलं, ५०. उत्तर आहे ४८, कारण हळू चालताना गाडी जास्त वेळ रस्त्यावर असते. दुसरा प्रश्न, क्षचा वर्ग ४९. मी लिहिलं ७ आणि उणे ७ ला साफ विसरलो. मला हे येत नव्हतं असं नाही. येत होतं, पण मी त्याच्याकडे बघतच नव्हतो.

जीमॅटमध्ये हे फार महाग पडतं. ही परीक्षा तुमच्या उत्तरांकडे बघत बघत पुढचा प्रश्न निवडते. बरोबर आलं की पायरी वर, चुकलं की खाली. अवघड प्रश्न चुकला तर परीक्षेला त्याचं फारसं आश्चर्य वाटत नाही, तो भल्याभल्यांचा चुकतो. पण सोपा चुकला की तिला तुमच्या पायाचीच शंका येते. म्हणजे अवघड प्रश्नांपर्यंत पोचायचा रस्ता सोप्या आणि मध्यम प्रश्नांतूनच जातो. लिफ्ट नाही, जिनाच आहे!

मग शेवटच्या चौदा दिवसांत सोडवायचं काय? दुसऱ्या वेळी मी केलं ते सांगतो.

पहिला आठवडा मध्यम प्रश्नांचा. माझं माप साधं होतं. दहातले सहा ते आठ बरोबर येतात, ती आपली लेव्हल. दहाच्या दहा यायला लागले की एक पायरी वर. चारच आले तर गुपचूप खाली, त्यात लाज कसली? उगाच सोपेच सोडवत ‘आपण सॉलिड आहोत’ म्हणत बसणं हीसुद्धा फसवणूकच, फक्त जरा गोड. प्रत्येक चुकीपुढे वहीत तीनपैकी एक शब्द लिहायचा. ‘माहीत नव्हतं’, ‘घाई’ किंवा ‘वेळ’. माझी वही ‘घाई’ने भरली होती.

दुसऱ्या आठवड्यात सगळी सरमिसळ. परीक्षेत कुठल्याही प्रश्नावर ‘हार्ड’ असं लेबल नसतं, ते तुम्हालाच ओळखावं लागतं. २१ प्रश्न, ४५ मिनिटं, म्हणजे एकाला दोन मिनिटं आणि वर काही सेकंद. क्वांटला कॅल्क्युलेटर नाही. उत्तर दिल्याशिवाय पुढे जाता येत नाही आणि सेक्शन अर्धवट राहिला तर स्कोअरला फटका बसतो. म्हणून अवघड प्रश्नांचा मी एकच उपयोग केला, त्यांना सोडून द्यायला शिकलो. दोन मिनिटांत वाट दिसली नाही तर अंदाजाने उत्तर द्यायचं, खूण करायची आणि पुढे सटकायचं. शेवटी वेळ उरला तर तीन उत्तरं बदलता येतात. ब्रेकअप जमायला हवं, राव!

शेवटचा मॉक चार दिवस आधी. शेवटचे दोन दिवस फक्त आपल्याच चुकांची वही. नवीन अवघड प्रश्न एकही नाही. परीक्षेच्या आदल्या रात्री न सुटलेलं एक गणित शिकवत काहीच नाही, फक्त झोप घालवतं.

कॅटवाल्यांनो, तुमची तऱ्हा वेगळी. तिथे पेपर उत्तरं बघून बदलत नाही. २०२४ च्या कॅटमध्ये क्वांटचे २२ प्रश्न होते, ४० मिनिटांत. सोपा असो वा अवघड, बरोबर उत्तराला गुण तीनच. पर्यायांचा प्रश्न चुकला की एक वजा. म्हणजे सोपे प्रश्न हुडकून काढणं हीच तिथली अर्धी परीक्षा. सरावही तसाच हवा. सेट समोर घ्यायचा आणि आधी नुसतं ठरवायचं, कुठले घ्यायचे, कुठले सोडायचे.

दोन अटेम्प्टमध्ये किमान सोळा दिवसांचं अंतर लागतं. मी दोन महिने घेतले. दुसऱ्या वेळी क्वांटला ८१ आले. टॉपर नाही, पण अर्ज भरण्यापुरती मान ताठ झाली.

आईला फोन केला. तयारी कशी केली ते अगदी रंगवून सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, “अरे, दहावीच्या पेपरला जाताना मी तुला काय सांगितलं होतं? येणारं आधी सोडव.”

वीस हजार वाचले असते, हो!