चावडीवरचा निकाल

तीन तारखेची गोष्ट आपल्याकडे अजून सांगितली जाते. भाजप नेते प्रमोद महाजन गेले ३ मे २००६ ला. त्यांच्यावर गोळ्या झाडणारा धाकटा भाऊ प्रवीण गेला ३ मार्च २०१० ला. मेहुणे गोपीनाथ मुंडे ३ जून २०१४ ला. सांगणारा इथे थांबतो, आजूबाजूला पाहतो आणि आवाज खाली आणून पुढचे, घातपाताचे, सांगतो. त्या पुढच्याला आधार काय, तर हा तारखांचा मेळ.

तारखा खऱ्या आहेत. पण प्रवीण स्वतःहून वरळी पोलीस ठाण्यात हजर झाला होता आणि दोन वर्षांच्या आत, डिसेंबर २००७ मध्ये, त्याला जन्मठेप झाली. पुढे तो मेंदूतील रक्तस्रावाने गेला. मुंडे यांची गाडी दिल्लीत सकाळी विमानतळाकडे निघाली असताना दुसरी गाडी येऊन धडकली. केंद्रात मंत्री होऊन त्यांना जेमतेम आठवडा झाला होता. परळीत अंत्यसंस्काराला लोटलेल्या माणसांनी सीबीआय चौकशी मागितली. ती झाली आणि अपघातच असल्याचा निष्कर्ष निघाला. तरी जानेवारी २०१९ मध्ये लंडनच्या एका पत्रकार परिषदेत मतदान यंत्रांचा संबंध जोडून हा खून असल्याचे सांगितले गेले. पुरावा एकही पुढे आला नाही, आणि इकडे रेणापूरपासून परळीपर्यंत जुनी कुजबुज नव्याने सुरू झाली.

त्या कुजबुजीमागचे दुःख आम्हाला कळते. रेणापूरने मुंड्यांना १९८० मध्ये पहिल्यांदा विधानसभेत पाठवले. ऊसतोड मजुरांना ते घरचे वाटत. घरचा माणूस असा चौकात धडक बसून जातो, हे मन कबूल करत नाही. पण त्या तीन तारखांत चौथी कुणी जोडत नाही, आणि खरी चौकशी जिथे हवी होती ती जागा तीच होती.

३ जून २००६. महाजनांना जाऊन महिनाच झाला होता. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर कळंबोलीजवळ उस्मानाबादचे नेते पवनराजे निंबाळकर यांचा गोळ्या झाडून खून झाला. त्यांचे वैर चुलत भाऊ डॉ. पद्मसिंह पाटील यांच्याशी होते. २००४ ला पवनराजे त्यांच्याविरुद्धच विधानसभेला उभे राहून थोडक्यात हरले होते. राज्याचे मुख्यमंत्री विलासराव देशमुख आणि देशाचे गृहमंत्री शिवराज पाटील चाकूरकर, दोघेही शेजारच्या लातूरचे. तरी उच्च न्यायालयाच्या आदेशाने तपास सीबीआयकडे जायला २००८ साल उजाडले. जून २००९ मध्ये, खासदार म्हणून निवडून आल्यानंतर काही आठवड्यांतच, पद्मसिंहांना अटक झाली. तेव्हा मुख्यमंत्रिपदी नांदेडचे अशोक चव्हाण होते. आरोप पद्मसिंहांनी नाकारला. पुढे जामीन, तारखा, पुन्हा तारखा.

त्या तारखांच्या मधल्या काळात निकाल चावडीने देऊन टाकला, तोही दोन तऱ्हेचा. एका घराच्या माणसांनी एक, दुसऱ्या घराच्या माणसांनी दुसरा. विधानसभा २००९ आणि २०१४, लोकसभा २०१९ आणि २०२४, चारही वेळा ही दोन घरेच समोरासमोर होती. पवनराजेंचे पुत्र ओमराजे यांच्यासमोर तीनदा पद्मसिंहांचे पुत्र राणाजगजितसिंह, चौथ्यांदा राणाजगजितसिंहांच्या पत्नी अर्चनाताई. खून प्रचाराचा विषय झाला. मतदाराला वाटले, आपण न्याय करतोय. मतपेटीतून न्याय होत नाही, आमदार-खासदार होतो.

आणि पवनराजेंच्या गाडीत चालकही होता. समद काझी. तोही त्याच दिवशी मारला गेला. इतक्या वर्षांच्या चर्चेत त्याचे नाव किती जणांनी घेतले? मोठ्या घराभोवतीच्या खुनांची चर्चा मोठ्या घराचीच राहते, याची आम्हाला मनापासून चीड आहे.

चावडीच्या निकालाचे अलीकडचे उदाहरण घ्या. ९ डिसेंबर २०२४ ला केज तालुक्यात मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची अपहरण करून हत्या झाली. पवनचक्की कंपनीकडे मागितलेली खंडणी, आरोपपत्र, माणुसकी मेल्याचे दाखवणारी छायाचित्रे आणि ४ मार्च २०२५ ला मंत्री धनंजय मुंडे यांचा राजीनामा हे सारे वाचकांना ठाऊक आहे. त्याच्या जोडीने काय काय फिरले तेही आठवा. फरार आरोपी आज नाशकात दिसला, उद्या म्हणे त्याचाच काटा काढला. सर्वांत वाईट म्हणजे आरोपींची जात पुढे करून सगळ्या जातीला आणि मयताची जात पुढे करून न्याय मागणाऱ्या सगळ्या मोर्चाला धारेवर धरले गेले. शेजारच्या शेतातला माणूस बांधावरून बोलेनासा झाला. याचा फायदा आरोपीला होतो. शंभर खोट्या गोष्टींत एक खरी साक्ष मिसळली की बचावाच्या वकिलाचे काम सोपे होते.

लोक हॉटेलात बोलतात आणि जबाबाला बोलावले की गाव सोडतात, याला भेकडपणा म्हणणे आम्हाला मान्य नाही. ज्याच्या हातात कारखाना, बँक आणि पोलीस पाटलापर्यंत ओळखी, त्याच्याविरुद्ध उभे राहायचे म्हणजे ऊस उभाच वाळण्याची तयारी ठेवायची. म्हणून संरक्षण आधी हवे. साक्षीदार संरक्षणासाठी राज्याने २०१७ चा कायदा आणला. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभरासाठी योजना मान्य केली. तिच्यात जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे अर्ज करता येतो. नांदेड-लातूरच्या किती ग्रामपंचायतींत हे कुणी सांगितले आहे?

वाचकहो, आपल्यात वकील आहेत, शिक्षक आहेत, सरपंच आहेत. यंदा सुटीत गावी जाल तेव्हा या अर्जाची माहिती चार माणसांत वाचून दाखवा. आणि कुणापाशी डोळ्यांनी पाहिलेले काही असेल, तर ते मोबाइलवर पुढे पाठवू नका. त्या माणसासोबत न्यायालयाची पायरी चढा.