व्यसनी विद्यार्थ्याच्या हाती दाखला?

दरवर्षी २६ जूनला अमली पदार्थविरोधी दिन येतो. भाषणे होतात, शपथ होते, भिंतीवर सुई आणि कवटी यांची चित्रे लागतात. त्यात वाईट काही नाही. परंतु धुळे-जळगावकडच्या खेड्यांतून एस.टी.ने येणाऱ्या आम्हा मुलांनी ती सुई क्वचितच पाहिलेली असते. आमच्याकडे व्यसन येते ते पुडीतून, आणि अलीकडे गोळीतून. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे. तरी पुडी कुठे मिळते हे आठवीतले पोरही सांगेल. (शपथ देणाऱ्यांच्या खिशात काय असते, हा विषय येथे वाढवत नाही!)

गोळी म्हणजे अल्प्राझोलम. मुले तिला ‘कुत्ता गोळी’ म्हणतात. वास्तविक ते मनाच्या अस्वस्थतेवरचे औषध, डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकण्यास मनाई असलेले. पण तिला ना दारूचा वास, ना गांजाचा धूर. घरात संशय येत नाही. दारूबरोबर किंवा कोडीन असलेल्या खोकल्याच्या औषधाबरोबर ती घेतली, तर श्वास मंदावून जीव जाऊ शकतो. आणि सवय जडल्यावर एकदम बंद केली तर फिट येऊ शकते. म्हणजे ‘उद्यापासून सोड’ हा वडीलधाऱ्यांचा हुकूमदेखील येथे घातक! ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळूच सोडावी लागते.

माझा खरा वाद पुढेच आहे. असा मुलगा सापडला की त्याच्या हाती दाखला ठेवून मोकळे व्हावे, असे मानणारे पुष्कळ आहेत. नासका आंबा अढीतून काढलाच पाहिजे, म्हणतात. पण विद्यार्थी म्हणजे का आंबा? माझ्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेले नाही. ‘आमना पोऱ्या कालेजमा शे,’ हे आई चारचौघींत ज्या सुरात सांगते, तो सूर ऐकला की अशा घरी दाखला परत येणे म्हणजे काय, ते कळते. मुलगा घरी सांगतच नाही. सकाळी डबा घेऊन निघतो आणि स्टँडवर बसतो. तेथे त्याला सोबत मिळते ती गोळीवाल्यांचीच.

१९८६ साली, गर्दने घरेच्या घरे उद्ध्वस्त होत असताना, डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पुण्यात येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात ‘मुक्तांगण’ सुरू केले. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी त्याला आर्थिक हातभार लावला. व्यसन हा आजार आहे, असे धरून तेथे उपचार झाले आणि बरे झालेल्यांतलेच काही पुढे समुपदेशक झाले. आपला कायदाही इतका निष्ठुर नाही. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यातील कलम ६४-अ असे सांगते की, सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यातील व्यसनी स्वतः होऊन मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेईल, तर त्याच्यावर खटला चालू नये. सरकार खटला बाजूला ठेवते, आणि महाविद्यालयाने दाखला पुढे करावा?

विकणाऱ्याला दया दाखवा, असे मी म्हणत नाही. त्याला खुशाल पोलिसांच्या हवाली करा. घेणाऱ्याचे मात्र वर्ष राखून ठेवावे, वडिलांना बोलावून सरकारी दवाखान्यातल्या मानसोपचार विभागाची वाट दाखवावी. आणि १४४४६ हा व्यसनमुक्तीचा सरकारी मदत क्रमांक परीक्षेच्या वेळापत्रकाशेजारी लावावा. ते वेळापत्रक तरी सगळे वाचतात.