थकलेल्या मनाचा हिशेब

मैत्रिणींनो, आमच्या कंधारच्या बचत गटात ठराव झाला होता, की मसाला घ्यायचा तो गटातल्याच बाईकडून. सगळ्यांनी माना डोलावल्या. पण दिवसभर कापूस वेचून आलेली बाई दिवेलागणीला दुसऱ्या गल्लीत कुठं जाणार? ती वाटेवरच्या दुकानातलं पाकीट उचलते. वर रात्रीच्या बैठकीत हप्त्यावरून भांडण. मग आपण म्हणतो, "हिला एकीची किंमतच नाही!" मीसुद्धा म्हणायचे.

२०१३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात तमिळनाडूतल्या ऊस शेतकऱ्यांचा अभ्यास छापून आला. ऊस जाण्याआधी, पैशाची ओढाताण असताना, ते बुद्धीच्या चाचणीत मागे पडले. पैसा हाती आल्यावर तीच माणसं पुढे! नुसत्या थकव्यानं संयम सुटतो का, यावर शास्त्रज्ञांचं एकमत नाही. पण काळजीनं डोकं भरलेलं असतं, हे आपल्याला कुणी सांगायला हवं का?

आता आम्ही बैठक बाजाराच्या दिवशी दुपारी घेतो, मजुरी हातात आल्यावर. हप्ता तिथंच, मसाल्याच्या पुड्याही तिथंच. भांडणं अजून होतात, पण चहा घेत घेत.